गार हवा आणि मुका हॉर्न

लेकीला आणि नव्या नातीला दवाखान्यातून घरी आणायचं ठरलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ग्रंथपालांच्या गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला. गरम म्हणजे किती? तर त्यांच्या बायकोने समोरच्या जाळीवर हात धरून पाहिला आणि म्हणाली, "अहो, यावर माझे केस छान वाळतील."

गॅरेजवाला म्हणाला, गाडी ठेवून जा, चार-आठ दिवसांत बघतो. नात तर उद्या येणार! बाहेर ऊन असं, की स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसावा. कापसाच्या बोळ्याएवढं ते पोर, आणि त्याला या भट्टीतून आणायचं? ग्रंथपालांना चहा गोड लागेना.

"मीच करतो," ते म्हणाले.

बायकोने मिक्सरकडे पाहिलं. (मागे त्यांनी मिक्सर दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो स्वतःच्या मर्जीने चालू होतो.)

"त्यात काय एवढं? नीट समजून घेतलं की माणसाला काहीही जमतं."

"मिक्सरच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

पण ग्रंथपाल फोन घेऊन खाली उतरलेसुद्धा. बॉनेट उघडलं, फोन बॅटरीला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस सांगत होता, "एसीचा रिले, म्हणजे ही एवढीशी काळी डबी, गेली असेल. खात्री करायची तर हॉर्नची डबी काढून तिच्या जागी लावून बघा."

ग्रंथपालांनी लावली. गाडी सुरू केली. आणि काय सांगावं! जाळीतून गार, अगदी अंगावर शहारा आणणारी हवा आली. आनंदाच्या भरात त्यांनी व्हिडिओ तिथेच बंद केला. ("आता हॉर्नची डबी परत जागेवर लावा आणि एसीसाठी नवी आणा," हे पुढचं वाक्य होतं. पुस्तक शेवटपर्यंत वाचा म्हणून अख्ख्या गावाच्या मागे लागणाऱ्या माणसाने तेवढं ऐकलं नाही.)

दुसऱ्या दिवशी बायको गाडीत बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "जमलं की हो तुम्हाला!"

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं.

"परत एकदा म्हण ना."

"आता निघा."

पहिल्याच वळणावर एक सायकलवाला रस्त्याच्या मधोमध रमतगमत चालला होता. ग्रंथपालांनी हॉर्न दाबला. काही नाही. दोन्ही हातांनी दाबला. तरी नाही.

"वाजवा की!"

"वाजवतोय."

"मग ऐकू का येत नाही?"

ग्रंथपालांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं, ही जी गार हवा लागतेय ना तुला, तोच आपला हॉर्न आहे."

"म्हणजे?"

"त्याची डबी काढून एसीला लावलीय मी."

"मग काढा आणि परत जागेवर लावा."

"आणि बाळाचं काय?"

बायकोने काच खाली केली. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. "ए सायकल! डावीकडे हो!" सायकलवाला थेट फुटपाथवर चढला. दवाखान्यापर्यंत असंच चाललं. रस्ता मोकळा होत होता, आणि गार हवा काचेतून बाहेर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना लागत होती.

परतताना बायको मागे बसली, लेकीच्या शेजारी, बाळाला मांडीवर घेऊन. लेकीचा चेहरा उतरला होता. गार झुळूक लागली तशी तिने मान मागे टेकवली.

"बाबा, एसी नीट केलात? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कोण करतंय?" असं म्हणून त्यांनी घाईघाईने आरसा पुसला.

बाजाराच्या रस्त्यावर गाद्यांनी भरलेली एक हातगाडी आडवी उभी होती. ग्रंथपालांनी काच खाली केली. ज्या माणसाचा सगळा जन्म लोकांना "हळू बोला" सांगण्यात गेला, तो ओरडणार तरी कसा?

"अहो... जरा... सरकता का?"

"मोठ्याने!" मागून बायको.

"आई, हळू! ती उठेल ना!"

आता काय करायचं? ग्रंथपाल खाली उतरले, हातगाडीवाल्यापाशी गेले आणि त्याच्या कानात म्हणाले, "गाडीत माझी नात आहे. पहिल्यांदाच घरी येतेय. आणि हॉर्न बंद आहे."

त्याने वाकून काचेतून आत पाहिलं. हातगाडी बाजूला घेतली. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, गाडीच्या पुढे चालू लागला. दोन्ही हात पसरून, दबक्या आवाजात, "सरका, सरका, बाळ निजलंय." फळवालीने टोपल्या आत ओढल्या. गप्पा मारत उभी असलेली माणसं बाजूला झाली आणि ओठांवर बोट ठेवून एकमेकांना गप्प करू लागली. गोंगाटाने भरलेला तो रस्ता वाचनालयासारखा शांत झाला. ग्रंथपालांनी आरशात पाहिलं. दुपट्यातून एक इवलीशी मूठ बाहेर आली होती. त्यांचे डोळे भरून आले. (एसीची हवा डोळ्यांवर येत होती, असं त्यांनी नंतर सांगितलं.)

दुसऱ्या दिवशी दुपारी ते नवी डबी घेऊन आले. एसीला आणि हॉर्नला ज्याची त्याची डबी लावली, गाडीत बसले आणि खात्री करून घ्यावी म्हणून हॉर्न जोरात दाबला. तो असा वाजला, की झाडावरची पाखरं उडाली. पाठोपाठ वरच्या मजल्यावरून नातीने टाहो फोडला, लेकीची "बाबाऽ!" अशी हाक आली, आणि खिडकीत बायको दिसली.

"वाजला गं!" ग्रंथपाल खालून अभिमानाने म्हणाले.

"ऐकलं. जोजवून जोजवून आत्ता कुठे निजली होती," ती म्हणाली. "आता तो परत बिघडवा, आणि मगच वर या. तेवढं तुम्हाला व्हिडिओ न बघताही जमतं."