लेहऱ्याचं मशिन

आबा शेट्ये कडी वाजवायचे तेव्हा आतला माणूस आधी मान डोलवायचा आणि मग दार उघडायचा. दारात आबा, हातात कोर्टाचं समन्स. नोकरी बेलीफाची आणि हात तबल्याचा! कडीवर बोटं अशी काही पडायची की मुरलेले कज्जेवालेसुद्धा फसायचे. राजिवड्याचा एक इसम तर लागोपाठ तीन वेळा फसला. चौथ्यांदा आतूनच ओरडला, "आबा, कागद घेतो हो, पण ते पुन्हा एकदा वाजवा." आबांनी पुन्हा वाजवलं आणि मगच सही घेतली.

निवृत्त झाल्यावर ही पीडा आमच्या राम आळीच्या वाट्याला आली. त्यांचं घर माझ्या शेजारी आणि माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान समोर, त्यामुळे पीडेतला मोठा हिस्सा माझा. तालाच्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. कितीही फिरून आलात तरी सगळ्यांनी तिथं एकत्र भेटायचं. आबा हा नियम माणसांनाही लावायचे. कुणी बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्याला, "समेवर ये!" माझी बायको परड्यात धुणं आपटायला लागली की मधल्या दगडी गडग्यापलीकडून आवाज यायचा, "बाई, सातव्या मात्रेला घाई होते हो!" एकदा ती इतकी वैतागली की तिनं ओला टॉवेल पलीकडे भिरकावला. आबा म्हणाले, "हां. हा बरोबर समेवर आला."

आता तबलजीला एकट्यानं वाजवायचं तर शेजारी पेटीवर कुणीतरी एकच छोटी चाल गोल गोल वाजवत बसावं लागतं. तो लेहरा. त्याच्या आधारावर तबलजीनं हव्या तेवढ्या कोलांट्या उड्या माराव्यात आणि परत जागेवर यावं. आबांच्या घरी हे काम वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. लग्न होऊन आल्या तेव्हा आबांनी त्यांना सोळा मात्रांची एक चाल शिकवली, आणि सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी तासभर त्या तेवढीच वाजवत आल्या. पेटीवर त्यांना दुसरं काही म्हणता काही येत नाही. एक हात भात्यावर, दुसरा सुरांवर आणि नाक चुलीवरच्या आमटीकडे.

एक दिवस आबा दुकानात आले आणि स्टुलावर बसले.

"मधू, लेहऱ्याचं मशिन बघ. हिची लय गेली."

"वहिनींची?"

"ओढते, मागे मागे रेंगाळते. पुरे झालं आता. मशिन असं बघ, की लय हलता कामा नये, मधेच बंद पडता कामा नये, आणि चारशेच्या वर मी जाणार नाही."

"आबा, चारशेत असलं काही मिळत नाही."

"मिळेपर्यंत बघ. पण लवकर बघ."

दुसऱ्या दिवशी वहिनीच आल्या. डोळे लाल. "भाऊजी, अंगात ताप असला तरी बसले हो मी पेटीवर, कधी खंड नाही पाडला. त्यांच्या शेजारी बसायची माझी तेवढीच एक जागा. आता तिथं मशिन आणून ठेवणार?"

माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं बाई एक चाल वाजवते आणि हा बाबा म्हणतो, लय गेली! कृतघ्न मेला. तरी मशिन शोधायला लागलो, कारण आबा रोज दुकानात ठिय्या देऊन गिऱ्हाइकांच्या मात्रा मोजायचे. गिऱ्हाइकं पळायला लागली होती.

तेव्हा बोटीवरून आणि आखातातून आलेले लोक नाही नाही ती यंत्रं आणत. मिरकरवाड्याच्या एका खलाशाकडे जपानी बाजा होता. बटण दाबलं की आपोआप चाल, आपोआप ताल. लय एकदम पक्की. पण दर चार मात्रांनी ते "ढिच्चॅक" करायचं. आबांनी दहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हुशार आहे, पण घरी वळण लावलेलं नाही." मुंबईला खास लेहऱ्याची विजेवरची पेटी मिळते असं कळलं. तिची किंमत ऐकून आबा चहाचा कप अर्धा टाकून घरी गेले.

मी म्हटलं, "आबा, एवढा घोळ कशाला? जुना टेपरेकॉर्डर घ्या, वहिनींना एकदा अर्धा तास वाजवू द्या, कॅसेट भरू. झालं!"

आबा असे भडकले की स्टूल कलंडलं. "ती नाही वाजवणार! अर्धा तास नाही, एक मिनिट नाही! कळलं?"

काय हा माज, मी मनात म्हटलं.

शेवटी देवरूखच्या एका भजनी पेटीवाल्याकडून कॅसेट भरून आणली आणि दुरुस्तीला आलेल्या एका टेपरेकॉर्डरवर लावून बघितली. भजनाची सवय, गृहस्थ दर मिनिटाला चढत जायचा. घाट उतरणारी एसटी, आणि ब्रेक नाही. आबा घामाघूम. बरं, कॅसेटची बाजू संपायची ती नेमकी अकराव्या मात्रेला, खट्! आबा दोन्ही हात हवेत धरून बसून राहिले.

असे तीन महिने गेले. मग लांज्याच्या एका काजूवाल्यानं मोडीत काढलेला टेपरेकॉर्डर माझ्याकडे आला. पट्टा सैल, मोटर दमेकरी. संध्याकाळी आळीत दिवे लागून व्होल्टेज पडलं की त्यातली पेटी रेड्यासारखी हंबरायची. मी तो आबांना ऐकवला तो निव्वळ गंमत म्हणून.

"दे," आबा म्हणाले.

"अहो, माझ्या बायकोचं धुणं तुम्हाला सोसत नाही आणि हे घेताय?"

"दे म्हणतो ना."

"नाही देणार! आधी सांगा, वहिनींनी काय घोडं मारलंय तुमचं?"

 आबांची बोटं सारखी कशावर ना कशावर वाजत असायची. आता ती मांडीवर नुसती पडली होती.

"तिच्या बोटांचे सांधे सुजलेत रे. सकाळी कपबशी उचलता येत नाही. डॉक्टर म्हणाला, पेटी बंद. मी म्हटलं, राहू दे गो, झालं तेवढं पुष्कळ झालं. ऐकेल तर शपथ! निगडीच्या पाल्यानं शेकते आणि येऊन बसते. म्हणते, तुमचा रियाज मोडेल. गोडीनं सांगून थांबेना, म्हणून म्हटलं लय गेली. तिची लय जाते होय? काल तिला भाकरी थापवेना, रडायला लागली. आता कसलं का असेना, मशिन आजच हवं."

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. तीन महिने मी ह्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

त्याच संध्याकाळी मशिन त्यांच्या ओटीवर नेऊन जोडलं. वहिनी आतल्या दारात उभ्या, हाताला फडकं गुंडाळलेलं. कॅसेटमधला देवरूखकर आधी धावत सुटला. मग दिवे लागले, व्होल्टेज पडलं आणि तो रांगायला लागला. आबा त्याच्या मागून तबला कधी ढकलत होते, कधी खेचून धरत होते. चेहरा मात्र मैफलीतला.

"वा! लय म्हणजे अशी! काय मधू?"

"एकदम पक्कं मशिन, आबा," मी म्हणालो. धंद्यात इतकं धादांत खोटं मी कधी बोललो नव्हतो.

"ओढतंय हो ते," वहिनी म्हणाल्या. "बंद करा, मी बसते."

"ओढत नाही! तू येऊन बिघडवू नको."

तेवढ्यात लाईट गेली. मशिननं एक लांबलचक जांभई दिली आणि गप्प झालं. आबा थांबले नाहीत, अंधारात तसेच वाजवत राहिले. वहिनींची पावलं पेटीकडे निघाली.

"हात लावू नको पेटीला!" आबा ओरडले. आवाज फाटला त्यांचा. "दुखतात ना गो बोटं तुझी!"

पावलं थांबली. तबला थांबला. तीन महिन्यांचं सोंग त्या एका वाक्यात उघडं पडलं होतं.

 आबांच्या शेजारी वहिनी बसल्याचा आवाज आला. पेटी उघडल्याचा मात्र आला नाही. आणि मग ती चाल ऐकू आली. वहिनी गात होत्या. त्यांना गाताना आळीत कुणी ऐकलेलं नव्हतं. आवाज पातळ, जरा घोगरा, पण सोळाच्या सोळा मात्रा जागच्या जागी. एवढी यंत्रं धुंडाळली मी, पण लेहऱ्याला बोटं लागतच नाहीत, हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

आबांनी अंधारातच तबला जवळ ओढला आणि हलक्या हातानं ठेका धरला. चौथ्या-पाचव्या फेरीला वहिनींना श्वास पुरेना, चाल रेंगाळली. त्यांनी मधेच विचारलं,

"ओढतंय का हो?"

"ओढतंय," आबा म्हणाले. "थांबू नको."