तीनशेचा आकडा

धाकटी नुकतीच झोपली होती. घर इतकं चिडीचूप, की तिला स्वतःच्या चहाचा घोट ऐकू येत होता. तेवढ्यात स्टीलच्या डब्यावर ठेवलेला फोन घर्रर्र करून थरथरला आणि पाळण्यातून भोकाड सुटलं.

मेसेज छपाईवाल्याचा होता. 'ताई, फोटो फुटतोय. तीन फूट मोठा केला की चेहरे म्हणजे नुसते चौकोन.'

चहा तिथंच राहिला. आज संध्याकाळी सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस. चार वर्षांपूर्वी तिनंच टिपलेला तो फोटो : सासरे दात नसलेलं बोळकं उघडून खदखदून हसताहेत आणि सासूबाई त्यांच्याकडे बघून. पुढच्याच महिन्यात सासरे गेले. सासूबाई पुन्हा तशा हसल्याच नाहीत. ते हसू तिला भिंतीवर हवं होतं.

मुलीला खांद्यावर टाकून तिनं नवऱ्याला फोन लावला.

"फोटो फुटतोय म्हणे!"

"कसा फुटेल? रेझोल्यूशन बहात्तर होतं, मी तीनशे केलंय."

"केलंय म्हणजे?"

"बहात्तर खोडून तीनशे टाइप केलं."

"पातेल्यावर 'दहा लिटर' लिहिलं म्हणून त्यात दहा लिटर दूध मावतं का रे? मूळ फोटो पाठव त्यांना. तुझ्याकडे सांभाळायला दिला होता ना मी?"

पलीकडे नवरा खाकरला. लग्नाला आठ वर्षं झाली होती. या खाकरण्याचा अर्थ तिला पाठ होता.

"अगं, फॅमिली ग्रुपवर टाकला होता. तिथं आहेच म्हणून मोबाईलमधला उडवला. जागा होत नव्हती."

"ग्रुपवर जाताना फोटो बारीक होतो! चाळीस जणांचे गुड मॉर्निंग ठेवायला जागा आहे, बापाला नाही?"

धाकटी आणखी जोरात रडू लागली. तिचाही आवाज चढला. तेवढ्यात नणंदेचा फोन आला.

"वहिनी, दादानं सांगितलं. चिडू नकोस गं! माझ्याकडे ॲप आहे. फोटो आरशासारखा लख्ख झाला, छपाईवाल्याला पाठवलासुद्धा!"

"मला दाखवलास का आधी?"

"तू चिडली होतीस ना!"

साडेपाचला फ्रेम आली. कागद उलगडला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. फोटो लख्ख होता, यात वाद नाही. पण ॲपनं सासऱ्यांना बत्तीस शुभ्र दात बसवले होते. भुवया काळ्याभोर, गालावर एक सुरकुती नाही. एखाद्या टूथपेस्टची जाहिरात करणारा गृहस्थ सासूबाईंशेजारी येऊन बसला होता.

"हे बाबा आहेत?" तिनं दात ओठ खाऊन विचारलं. नवरा नणंदेकडे बघू लागला, नणंद छताकडे. आता दोघांना असं झापायचं की जन्मभर आठवेल, म्हणून तिनं श्वास घेतला, तोच सासूबाई बाहेर आल्या.

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. मग कानामागे केस सारले आणि चक्क लाजल्या.

"किती वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, कवळी बसवून घ्या म्हणून," त्या हसू लागल्या, अगदी तशाच, डोळ्यांत पाणी येईतो. "ऐकलं एकदाचं!"

झापायला घेतलेला श्वास तिनं तसाच सोडून दिला. थोरल्या लेकानं मात्र तिचा हात ओढला.

"आई, हे तर आपले आजोबा नाहीत. मग आजी कुणाला लाजली?"