पंपांच्या राज्याची दफ्तरे एक जाहली त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, जे डोळां देखिले तेच लिहितो, पदरचे घालीत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाखमासी पंपांचे राज्यात मोठे नवल वर्तले! राज्यात विक्री, कारखाना आणि कोठी ऐसी तीन ठाणी, आणि तिन्हींचे संगणक निराळे, सॉफ्टवेअर निराळे, एकाचे बोलणे दुसऱ्यास कळेना. विक्रीने माल कबूल करावा, मग कारखान्यास तिसरे दिवशी कळावे, मग कोठीत सामान नसावे, आणि मग तिघांनी एकमेकांची उणीदुणी काढावी, ऐसे चालिले होते. त्यात कोठीचे अधिकारी भिवाजीराव ढमढेरे यांचा मान थोर. अडीनडीस लागणारे सुटे भाग ते एका कुलूपबंद कपाटात लपवून ठेवीत, नोंद कोठे नाही, आणि काम अडले की अवघे राज्य त्यांचे दारी येऊन हात जोडी.

मग सरकारांची, म्हणजे कंपनीचे मालकांची, आज्ञा जाहली की तिन्ही दफ्तरे एक करावी. कामगिरीवर वैदेही रेगे आल्या, सात महिने खपल्या, आणि अक्षय तृतीयेस सकाळी नवी यंत्रणा सुरू केली. विक्रीत कळ दाबताच कोठीत अक्षरे उमटली! लोकांनी पेढे वाटले, शिट्ट्या वाजविल्या, काय तो जल्लोष वर्णावा! तोच शहराचे पाणीपुरवठ्याकडून निरोप आला की मोठा पंप गळतो, गळती रोखणारी सहा सील सायंकाळपर्यंत हवीत, न मिळाली तर इस्पितळाचे पाणी बंद. पडद्यावर पाहिले तो शिल्लक शून्य! सरकार संतापले. "हेच दाखवायला सात महिने घालवले? आज सील गेली नाहीत, तर ही यंत्रणा उद्या बंद!"

भिवाजीरावांचे कपाटात आठ सील होती. ते किल्ली घेऊन ताठ मानेने उठले, आणि वैदेहीबाईंनी ते हेरिले.

"काका, तुमच्याकडे आहेत ना?"

"आहेत की. आत्ता देतो, गाडी बोलवा."

"असे नका देऊ. आधी नोंदवा. आज हातोहात दिलीत, तर उद्यापासून या पडद्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"अहो, नोंदवली तर माझ्या दारात कोण येईल?" ऐसे बोलिले आणि डोळे भरून आले. एकवीस वर्षांचा मान तो, सोडवेना! पण इस्पितळ मनी आले, मग खुर्ची ओढून बसले, आणि एका बोटाने आठाचा आकडा घातला.

तत्क्षणी तिन्ही ठाण्यांत शून्याचे आठ जाहले, गाडी सुटली, आणि ते पाहून कारखान्याचे फोरमन उठले व आपले कपाट उघडिले, मग विक्रीवाले लाजत आले, मग आणखी कोणी, ऐसी नऊ कपाटे उघडली! बेअरिंगे निघाली, व्हॉल्व्ह निघाले, परदेशातून मागविलेले सामान घरातच निघाले!

सरकार गरजले, "का लपवलेत?"

भिवाजीराव म्हणाले, "सरकार, मागितले की वेळेवर मिळत नव्हते, म्हणून."

सरकार उठले. मग खिशातून किल्ली काढिली, आपले दालनी गेले, आणि दहावे कपाट उघडिले. आत अकरा सील निघाली.

सारांश, सूर्यास्तापूर्वी पंप चालू जाहला, इस्पितळास पाणी पोहोचले आणि यंत्रणा राहिली. अकरांची नोंद सरकारांनी स्वहस्ते केली, तीही एका बोटाने, हे समक्ष पाहून लिहिले.