आप्पांचं टेस्टिंग

आप्पा मगदुमांच्या दारात गेलं की ते 'या, बसा' म्हणत नाहीत. 'मागं सरा' म्हणतात. पाहुणा चप्पल काढता काढता पायरी उतरतो, अंगणात जातो, आणि आप्पा डोळ्याला कॅमेरा लावून त्याला आणखी मागं पिटाळत राहतात. त्यांच्या जुन्या झूम लेन्सना जवळचं दिसत नाही. दिवाळीत फराळाला आलेले व्याही असेच सरकत सरकत गटारीपर्यंत पोचले होते.

आप्पा साखर कारखान्यातून रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत डोक्यात हे खूळ शिरलं. बंद पडलेले स्टुडिओ, जुना बाजार असं हिंडून रोलच्या कॅमेऱ्याच्या स्वस्तातल्या झूम लेन्स आणायच्या. आज एक आणली, की परवा ती देऊन दुसरी. एकीला आतून बुरशी, दुसरीची रिंग जाम. तिसरी खाली धरली की तिची नळी आपोआप घसरते, म्हणून तिला काकूंच्या केसांचा रबर लावलाय. ओल लागू नये म्हणून लेन्स आजऱ्याच्या घनसाळ तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतात. एकदा काकूंनी भात लावला आणि कुकरातून लेन्सचं झाकण निघालं. आप्पांनी आधी झाकण पुसलं, मग भाताची चौकशी केली.

उन्हाळ्यात गच्चीवर एकीकडं काकूंचे पापड आणि दुसरीकडं आप्पांच्या लेन्स वाळत असतात. "ऊन दावलं की बुरशी मरतीया," आप्पा सांगतात. कावळे हाकायचं काम मात्र काकूंचं.

माणसाला एका जागी बसणं म्हणून ठाऊक नाही. बोलता बोलता उठणार, समोरच्या नारळावर लेन्स रोखणार, ती काढून दुसरी लावणार. "काच बघ, काच," म्हणत माझ्या डोळ्याला लावणार. मला तिच्यातून फक्त धुकं दिसतं. फोटो कधी दाखवणार, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "अजून टेस्टिंग चालूय की." सगळी गल्ली त्या लेन्समधून जाऊन आली, पण छापलेला फोटो कुणाच्या बापानं पाहिलेला नाही.

गेल्या आठवड्यात मात्र माझं टाळकं सरकलं. संध्याकाळी बघतो तर आप्पांची नळी थेट आमच्या गच्चीवर रोखलेली. आमचं घर त्यांच्यापासून चार घरं सोडून. तिथं माझी आई बसलेली. मी तडक त्यांच्या गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

"आप्पा, आमच्या गच्चीवर काय बघताय?"

"हळू बोल, बाळू. तुझ्या आईजवळ कोण बसलंय बघ."

काकू होत्या. आप्पा रिटायर झाले त्याच वर्षी काकूंच्या तोंडावरून वारं गेलं आणि चेहरा एका बाजूला ओढला. तेव्हापासून चारचौघांत त्या तोंडावरचा पदर काढत नाहीत.

"तुझ्या आईसंगं बसली की हासती," आप्पा म्हणाले. "घरात न्हाय हासत."

"मग मोबाइलवर घ्यायचा एक फोटो."

"घेतलो की. लगेच म्हणती, दावा. दावला की पुसायला लावती. रोलवरचा कसा पुसंल?" त्यांनी नळी पुढं ओढली. "तिला वाटतंय, तोंड वाकडं झालंय. मला तर पैल्यापरीस गोड दिसती."

मी भांडायला आलो होतो, ते विसरलो.

"मग अडलंय कुठं?"

"जेवणावर," आप्पा म्हणाले. ते जैन, दिवस मावळायच्या आत ताटं उचललेली असतात. ऊन कलतं, उजेड मऊ होतो, गप्पा रंगात येतात, आणि नेमक्या तेव्हाच काकू वाढायला उठतात. त्यात लेन्स जड, आप्पांचा हात हलतो. रोज हुकतं.

मी आईला फोन लावला. "काकूंना जरा बसवून घे. काहीतरी सांग त्यांना."

आईला एवढं पुरतं. तिनं काय सांगितलं कोण जाणे. बहुतेक माझंच काहीतरी असावं, कारण दोघींनी टाळी दिली आणि काकूंचा पदर तोंडावरून सुटून मांडीवर पडला. त्यांचं हसू मला एवढ्या लांबून दिसलं नाही. शेजारी आप्पांनी श्वास रोखलाय, तेवढं कळलं. मग खट्‌कन आवाज आला.

"आणखी एक घ्या की," मी म्हणालो.

आप्पांनी कॅमेरा खाली घेतला. "दिसंना झालंय रे," ते म्हणाले, आणि लेन्स पुसायचं फडकं त्यांनी डोळ्यांना लावलं.