हजारावा बगळा

आप्पा कागदाचे बगळे मेंढरांसारखे मोजायचे. जीभ टाळ्याला लावून टक् टक् आवाज करत, बोटानं एकेक पुढं ढकलत. मोजून झालं की म्हणायचे, "भरलं."

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. दौंडच्या कॉलेजातली आम्ही सहा-सात पोरं दर शनिवारी एका दवाखान्यात जाऊन आजाऱ्यांना कागदाचे पक्षी शिकवायचो. तेवढंच त्यांचं मन रमावं. आप्पा खुटबावचे, निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला. बायकोच्या, हिरामावशींच्या पोटात गाठ, म्हणून तिच्या उशाशी बसलेले. पहिल्याच दिवशी मी ऐटीत सांगून टाकलं, "हजार पक्षी केले की आजारी माणूस बरं होतं, अशी जपानात समजूत आहे." आप्पांनी त्यातली 'समजूत' तेवढी गाळली आणि मला मास्तर करून टाकलं.

मग काय! लग्नपत्रिका, एसटीची तिकिटं, भेळेचे कागद, काही म्हणून सुटेना. एकदा तर मावशींचा केसपेपरच बगळा होऊन खिडकीत बसला. सिस्टरनं आकाशपाताळ एक केलं. मी वाकडेतिकडे बगळे बाजूला काढू लागलो तर आप्पा उखडले. "ऱ्हाऊ द्या मास्तर. लंगडं हाय म्हून कुणी कळपातनं काढतं व्हय?"

"अवं, आदी मला पानी द्या, मंग हाका तुमची मेंढरं," मावशी म्हणायच्या आणि हसायच्या. त्या हसल्या की मला वाटायचं, आपण फार मोठं काम करतोय.

नऊशे नव्व्याण्णव झाले आणि आप्पा थांबले. उरलेला हिरवा कागद त्यांनी छातीच्या खिशात ठेवला.

"आप्पा, एकच राहिलाय. करून टाका की."

"आसं कसं? नवस आदी फेडत्यात व्हय? तिला उठून बसू द्या. मंग करतो."

मला हसू आलं.

बुधवारी हिरामावशी गेल्या.

दोन शनिवारांनी आप्पा पोत्यात बगळे भरून दवाखान्यात आले. "दुसऱ्या कुनाला लागत्याल," म्हणाले. मग खिशातून तो हिरवा कागद काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. घामानं तो मऊ पडला होता.

"मास्तर, ह्यो आदी केला आसता, तर?"

"काही फरक पडला नसता, आप्पा. कागदच तो."

"मंग तुमी सांगितलं कशाला?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. कागद तसाच धरून ते माझ्यासमोर उभे राहिले.