देवरावचा डावा कान

आमचा शेजारी देवराव कानानं जेवतो. पापड असो, भजं असो, काकडी असो, आधी डाव्या कानाजवळ नेऊन मोडणार, डोळे मिटून आवाज ऐकणार, अन् मग तोंडात टाकणार. उजवा कान सौसरच्या कापसाच्या जिनिंगात यंत्रापाशी उभा राहून राहून गेला. "उरला तो म्या खाण्यासाठी राखून ठेवला," असं सांगतो. लग्न केलं नाही. पांढुर्ण्यात आमच्या भिंतीला लागून त्याची एक खोली, एक खाट, एक स्टोव्ह.

मी चौथी शिकलेला माणूस. त्याचं शास्त्र मला जसं समजलं तसं सांगतो. आवाज करणारं खाणं दोन तऱ्हेचं, कुरकुरीत अन् करकरीत. कुरकुरीत म्हणजे पापड, कुरडई. समोरच्या दातानं मोडतं, एकदाच बोलतं, अन् जिभेवर विरून जातं. करकरीत म्हणजे फुटाणे, काकडी, कच्ची कैरी. ते दाढेखाली जातं, बोलतच राहतं, अन् आवाज डोक्यात घुमतो. "दोन्ही चांगले," देवराव म्हणतो, "पण ज्यानं त्यानं आपल्या घरी राहावं. पापडानं काकडीसारखं वाजू नये."

सावरगावच्या एका लग्नात त्यानं पंगत अडवली होती. पापड करकरीत निघाला म्हणून नवरीच्या मामाला बोलावलं, अन् त्याच्या कानाशी मोडून दाखवला. मामाला वाटलं, हा नवरदेवाकडचा कोणी मोठा माणूस. घामानं भिजलेला तो बिचारा धावत गेला, अन् आचाऱ्याच्या कानाशी पापड मोडून राहिला. इकडे भात थंड. मी देवरावला धोतर ओढून खाली बसवलं. माणूस वेडा आहे, हे मी तेव्हाही म्हणत होतो, आताही म्हणतो.

आमची बुढी, म्हणजे माझी बायको, मात्र त्याचं मनावर घ्यायची. शांता तिचं नाव. उन्हाळ्यात कुरडया वाळल्या की पहिली तळून प्लेटमध्ये देवरावकडे. प्लेट रिकामी परत यायची नाही. दोन संत्री, नाहीतर मूठभर वाळली बोरं, अन् वरून निकाल. "वहिनी, चव चांगली हाये. पण करकरीत हाये."

झालं. बुढी पुन्हा कामाला. गहू तीन दिवस भिजवायची तो चार दिवस भिजवला. चीक आणखी नितळू दिला. सोऱ्याची जाळी बारीक आणली. आठ दिवसांनी पुन्हा प्लेट भिंतीपलीकडे, अन् पुन्हा करकरीत. मी चिडायचो. "त्याचा दुसराबी कान फुटला हाये," म्हणायचो. ती म्हणायची, "असू द्या. एक दिवस म्हणतीन भाऊजी कुरकुरीत."

असे किती उन्हाळे गेले, मोजले नाही. आताही दुपारी डोळा लागला की मला गच्ची दिसते. धुतलेल्या लुगड्यावर कुरडया पांढऱ्या पांढऱ्या, निंबाच्या फुलोऱ्याचा वास, अन् ती अर्धी झोपेत हात हलवून कावळा हाकते. कावळा उडत नाही. लुगडंच हळूहळू वर उठतं, ढगासारखं, कुरडयांसकट. मी खालून पाहून राहतो. हाक मारावी म्हणतो तेवढ्यात जाग येते.

दिवाळीनंतर ती खाटेला लागली. एक दिवस मला विचारलं, "औंदाच्या कुरडईले भाऊजी काय म्हणले होते हो?"

मी सांगितलं, करकरीत. आजारी माणसाला खोटं सांगावं, एवढी अक्कल मला नव्हती. ती थोडी हसली अन् भिंतीकडे कूस वळवली. चार दिवसांनी गेली.

तेरवीच्या पंगतीत देवरावनं पापड कानाशी नेला नाही. ताटात वरण पसरलं, त्यात मऊ पडू दिला.

मग घरात आवाजच राहिला नाही. मी मऊ भात खायचो, दूध-पोळी खायचो. तिचा कुरडयांचा डबा फळीवर तसाच. चैताच्या एका दुपारी देवराव दारात उभा. हातात आमची प्लेट, तिची शेवटची; निकाल त्यानं तेव्हा भिंतीवरूनच सांगितला होता, प्लेट त्याच्याकडेच राहिली होती. प्लेटमध्ये दोन संत्री. रिकामी कशी द्यावी म्हणून थांबला होता, म्हणे.

काय मनात आलं कोण जाणे, मी डबा काढला. त्याच्या तोंडून एकदा कुरकुरीत ऐकायचं होतं, तिच्यासाठी. कढई ठेवली, तेल ओतलं, अन् घाईत तापायच्या आधीच कुरडई सोडली. ती फुललीच नाही. सुंभाच्या वेटोळ्यासारखी पडून राहिली. तशीच काढून त्याला दिली.

देवरावनं कानाशी नेली, मोडली. डोळे लय वेळ मिटलेले.

"कुरकुरीत," तो म्हणाला.

मी तुकडा तोंडात टाकला. दाढ हालली.

"खोटं बोलून राहिला तू. गोटा हाये हा."

"हो," तो म्हणाला. "अन् आधीबी खोटंच बोललो. वहिनीची कुरडई पह्यल्याच वर्षी कुरकुरीत होती, वामन. तसं म्हटलं असतं तं दुसरी प्लेट आली नसती."

झारा माझ्या हातात होता. "ती मरेपर्यंत वाट पाहून राहिली होती," मी म्हटलं.

"माहीत हाये. तेरवीच्या दिवशी तुले सांगाले आलो होतो. तोंड उघडलं नाही."

त्याला हाकलावंसं वाटलं. पण करकरीत ऐकून ती हसली होती, ते आठवलं. त्याचं खोटं तिला समजलं होतं काय? तेव्हा मला कळलं नाही, आताही पुरतं कळत नाही. 

तोवर तेल तापलं. दुसरी सोडली. ती अशी फुलली की कढईभर झाली, पांढरी, गच्चीवरच्या ढगासारखी. या वेळी मी ती माझ्या कानाशी मोडली. वाळक्या पानावर चिमणी बसावी, एवढाच आवाज. जिभेवर ठेवली अन् विरून गेली.

देवराव मांडीवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत होता. "कशी हाये?"

डब्यात अजून दहा-बारा होत्या. चावायला काही उरलं नव्हतं, तरी मी लय वेळ चावत राहिलो.

"करकरीत हाये," मी म्हटलं. "उद्या ये. पुन्हा तळून पाहू."