चाळीसच्या आत

जिंकणाऱ्या माणसामुळे बाकीच्यांना फार त्रास होतो, हे जगात सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण त्याबद्दल लेखी नियम करण्याचं धाडस मात्र इंग्रजांनीच दाखवलं. आपल्याकडे हे काम आजवर तोंडीच चालायचं.

ज्या खेळात हा नियम आहे त्याला स्पीडवे म्हणतात. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार मोटारसायकली, चार फेऱ्या. गाडीला गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. वळायचं ते फक्त डावीकडे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला प्रेक्षकांची सहानुभूती. (ब्रेक नाही हे ऐकून आमच्या पुण्यात कुणीही दचकलं नाही. दोघांनी फक्त 'मग अ‍ॅव्हरेज किती देते?' एवढंच विचारलं.)

खरी गोम पुढेच आहे. एका सामन्यात प्रत्येक जण चार-पाच शर्यती धावतो; त्या मिळून तो साधारण किती गुण मिळवतो, ती त्याची सरासरी. संघ सात जणांचा. आणि या सातांच्या सरासरीची बेरीज चाळीसच्या आत बसली पाहिजे. म्हणजे तुमचा संघ वर्षभर झकास खेळला, की सगळ्यांची सरासरी चढते, बेरीज चाळीसच्या वर जाते आणि पुढच्या वर्षी तो संघ तुम्हाला ठेवता येत नाही. कुणाला तरी काढावं लागतं. चांगल्या कामाची इतकी चोख दखल मी सरकारी नोकरीत उभा जन्म काढूनही पाहिली नव्हती.

हा खेळ पुण्यात आणला आमच्या संभाजीअण्णांनी. अण्णा भैरोबाच्या मळ्याचे. गाव आता शहरात आलं, म्हणजे गाव जागच्या जागी राहिलं आणि शहर चालत आलं. अण्णांच्या चार एकरांवर बागेचं आरक्षण पडलं. बाग काही येईना आणि ऊस काही लावता येईना. त्याच सुमारास त्यांचा मुलगा विक्रम, जो नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो, त्यानं त्यांना तिकडे नेऊन एक सामना दाखवला. शर्यत मिनिटभरात संपली. पुढचा अर्धा तास शेजारचे दोन म्हातारे नियमांवरून कडाकडा भांडत होते. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण भांडण समजतं.

"म्हटलं, ही तर आपलीच माणसं हायेत," अण्णा सांगतात. "ह्यो खेळ पुण्यात चालणार."

आणि चालला! मळ्यात ट्रॅक झाला, भोवती कडब्याच्या पेंढ्या रचल्या, चार संघ उभे राहिले: मंडई, मार्केट यार्ड, खडकवासला आणि यजमान म्हणून आम्ही. नियमावली उपसमितीचा मानद सचिव म्हणून माझी नेमणूक झाली. मी आजतागायत मोटारसायकलवर बसलेलो नाही, त्यामुळे माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाही शंका नाही. आमच्या पाहणीनुसार प्रेक्षकांपैकी साठ टक्के लोक नियमांवर वाद घालायला येतात, तीस टक्के भेळ खायला, आणि उरलेले खेळाडूंचे नातेवाईक असतात. (शर्यत बघायला एक गृहस्थ आले होते. त्यांनी पुढच्या खेपेपासून भेळ खायला सुरुवात केली.)

पहिल्या वर्षी आम्हीच करंडक जिंकलो. सगळं श्रेय फैझलचं. हा मुलगा भवानी पेठेतला, बँकेत नोकरीला. काउंटरवर इतका सौम्य की खातेदार त्यालाच धीर देतात. पण गाडीवर बसला की वळणावर अशी माती उडवायचा, की पुढच्या रांगेतली भेळ फुकट जायची. सरासरी दहाच्या वर. करंडक जिंकला त्याच आठवड्यात मी बेरीज मांडली. शेहेचाळीस. आता काय करणार? आम्ही फैझलला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. सत्कार आणि निरोप एकाच नारळात उरकला, खर्चही वाचला.

"काका, मी कुठे कमी पडलो?" फैझलनं विचारलं.

"कमी पडला असतास तर प्रश्नच नव्हता," मी म्हणालो.

तो इतर संघांकडे गेला. सगळ्यांनी त्याला मनापासून चहा पाजला, पण दहा गुणांची जागा कुणाकडेच नव्हती. शेवटी 'पाहुणा खेळाडू' हा नियम त्याच्या मदतीला आला. कुणाचा खेळाडू जायबंदी झाला, तर त्या दिवसापुरता बाहेरचा पाहुणा बोलावता येतो. त्या वर्षी फैझल चारही संघांकडून खेळला. एकदा तर एकाच सामन्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू आजारी पडले, तेव्हा तो मधेच जाकीट बदलून स्वतःविरुद्ध गुण मिळवत होता. निकाल बरोबरीत सुटला. खिलाडूवृत्तीचं असं उदाहरण विरळाच!

आता उत्तरेश्वरकडे येऊ, कारण ही गोष्ट त्याची आहे.

उत्तरेश्वर आमच्याच मळ्यातला. धंदा टेम्पोचा. पहाटे आसपासच्या गावांतून टोमॅटो भरायचे आणि मार्केट यार्डात उतरवायचे. टोमॅटोची गाडी कशी चालवायची हे त्याच्या हाडांत मुरलेलं आहे. गचका नाही, जोर नाही, वळणावर तर अगदी नव्या नवरीला घरी आणल्यासारखी. अडत्या म्हणतो, उत्तरेश्वरच्या गाडीतला टोमॅटो झाडावर असल्यासारखाच उतरतो. अडचण एवढीच, की तो शर्यतीतही तसाच चालवायचा. मागे टोमॅटो नसले तरी हात सुटायचा नाही. सामन्यात कुणी पडलं, कुणाचं इंजिन बसलं, की हा शांतपणे तिसरा यायचा. सरासरी बरोब्बर तीन.

आणि तीन म्हणजे सोनं! कारण नियमाप्रमाणे तीनच्या खाली तुम्ही कितीही घसरलात तरी तीनच धरतात. याहून स्वस्त माणूस मिळणं शक्य नाही. उत्तरेश्वर संघात असला की वरची दोन-तीन तगडी पोरं चाळीसच्या आत बसायची. फैझल गेला, त्याच्यामागून जिंकू लागलेला विश्वजीत गेला, दर वर्षी एकेक जिंकणारा शाल पांघरून बाहेर पडला. उत्तरेश्वर मात्र होता तिथेच होता. मंडईवाल्यांनी त्याला गुपचूप निरोप धाडला. खडकवासलावाले तर त्याच्या घरी मासे घेऊन आले. अण्णा भाषणात म्हणायचे, "उत्तरेश्वर हा आपल्या संघाचा कणा हाय." कण्याला आपण नेमकं काय करतो हे समजत नसे, पण टाळ्या पडल्या की तो हात जोडायचा.

घरची गोष्ट वेगळी होती. त्याची मुलगी संस्कृती तिसरीत. शाळेत बाईंनी 'माझे बाबा' हा निबंध दिला. तिनं लिहिलं, 'माझे बाबा मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेतात. ते शेवटपर्यंत पडत नाहीत.' बाईंनी 'छान' असा शेरा दिला. उत्तरेश्वरनं ती वही वाचली आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "सेक्रेटरीसाहेब, येकदा जिंकलं तर काय हुईल?"

मी नियमावली उघडली. आमच्या संघाची बेरीज त्या वेळी काठोकाठ चाळीस होती. "तुझी सरासरी तीनच्या वर जाईल. बेरीज चाळीसच्या वर जाईल. मग तुला काढावं लागेल."

"दुसऱ्या संघात?"

"तिथे तुला तीनचा म्हणून मागणी आहे. सव्वातीनचा उत्तरेश्वर घेऊन ते काय करतील?"

"म्हंजी खेळायचं आसंल तर हरायचं, आन् जिंकायचं आसंल तर घरी बसायचं."

"समजायला किती सोपा नियम आहे बघ," मी म्हणालो. लोक उगाच म्हणतात, नियमावली किचकट आहे.

तो टोपी घालून निघाला. त्याला हा खेळ आवडत होता हो! दिवसभर टोमॅटोचे क्रेट उचलणारा माणूस रविवारी हेल्मेट घालून ट्रॅकवर आला, की लोक त्याचं नाव घ्यायचे. तेवढं एक सुख होतं त्याला.

हंगामाचा शेवटचा रविवार उजाडला. आमचा सामना मार्केट यार्डशी. करंडक आधीच मंडईनं जिंकला होता, आणि त्यांच्या घरी सांत्वनाला माणसं जाऊन आली होती. त्यामुळे त्या दिवशी कुणालाच गुण नको होते. पुढच्या वर्षीची सरासरी त्या संध्याकाळी ठरणार होती, आणि प्रत्येक जण ती खाली आणायच्या खटपटीत होता. आपल्या शाळांमध्ये सावकाश सायकल चालवण्याची स्पर्धा असते, तिचा इतका उपयोग पुढे होईल असं कुठल्या पीटीच्या सरांना वाटलं असेल?

शेवटच्या शर्यतीला चार जण उभे राहिले. आमच्याकडून विश्वजीतच्या जागी आलेला नवा खेळाडू आणि उत्तरेश्वर. यार्डाकडून त्यांचा एक आणि पाहुणा म्हणून फैझल. फैझलनं वर्षभर हरण्याचा नेटानं सराव केला होता. जिंकणाऱ्याला हरायला शिकणं सोपं नसतं. आता शेवटचा आला, की तो थेट तीनवर येणार होता.

शिट्टी होण्याआधीच यार्डाच्या खेळाडूनं सुरुवातीची फीत मुद्दाम तोडली आणि बाद होऊन पंचांचे आभार मानत बाहेर गेला. उरले तिघे. शिट्टी झाली. फैझल आणि आमचा नवा गडी एकमेकांना 'तुम्ही पुढे व्हा' म्हणत मुंगीच्या पावलानं निघाले. फैझल शाळेत सावकाश सायकलीत तीन वर्षं पहिला होता. त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार?

उत्तरेश्वरला अण्णांनी बजावलं होतं, शेवटचा ये. पण त्याला मुद्दाम सावकाश जाता येईना. त्याला एकच चाल येते, टोमॅटोची. तो आपल्या नेहमीच्या चालीनं निघाला आणि दुसऱ्या फेरीत बघतो तर काय, पुढे कुणीच नाही! सगळे मागे. उत्तरेश्वर जन्मात पहिल्यांदा पुढे होता, आणि त्याला वाटलं, शर्यत संपलीय आणि आपल्यालाच कुणी सांगितलं नाही.

"पड!" अण्णा कुंपणाला धरून ओरडले. "उत्तऱ्या, पड की लेका!"

प्रेक्षकांनीही 'पड, पड' असा ताल धरला. माणसाला पडायला इतकं प्रोत्साहन मी नातेवाइकांतही पाहिलेलं नाही. उत्तरेश्वरनं मागे वळून बघितलं. हात ढिला झाला. गाडी मंदावली.

तेवढ्यात भेळेच्या गाड्याजवळून त्याची बायको तनुजा पुढे आली. एरवी ही बाई ओठातल्या ओठात बोलणारी. संस्कृतीला कडेवर उचलून ती कुंपणावर जवळजवळ चढलीच.

"अहो! मागं टोमॅटो न्हाईत! सोडा की गाडी!"

उत्तरेश्वरनं तिच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि मूठ पिळली. गाडी जी उसळली, ती माती उडवत, डावीकडे आडवी होत, थेट फैझलसारखी! पुढच्या रांगेतली भेळ पुन्हा एकदा फुकट गेली. मी सचिव आहे, मला कुठल्याही बाजूनं ओरडता येत नाही. तरी मी उभा राहिलो होतो, असं लोक सांगतात.

तो जिंकला. बाकीचे दोघे तेव्हा कुठे दुसऱ्या फेरीत होते. एवढ्या वेगानंतर थांबायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं, आणि ब्रेक तर नव्हताच, त्यामुळे तो सरळ कडब्यात घुसला. पेंढ्यांतून हेल्मेट बाहेर आलं तेव्हा आत उत्तरेश्वर हसत होता. संस्कृतीनं त्याच्या मानेला मिठी मारली ती सुटेचना.

मी बेरीज मांडली. चाळीस पूर्णांक बारा शतांश. त्याच ठिकाणी शाल दिली, नारळ दिला. फैझल तीनवर आला, म्हणून त्याला उत्तरेश्वरच्या जागी घेतलं. तीन गुणांत एवढा खेळाडू! अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. (पुढच्या वर्षी तो जिंकेल आणि त्याला पुन्हा काढू. नियमाला घाई नसते.)

"वाईट वाटून घेऊ नकोस," मी उत्तरेश्वरला म्हणालो.

"वाईट कशाचं, साहेब? जिंकलो की!" तो म्हणाला, आणि त्यानं तो नारळ तिथल्या तिथे दगडावर फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. मलाही एक तुकडा दिला. आजवर आम्ही दिलेले सगळे नारळ लोकांनी मान खाली घालून घरी नेले होते. फोडून वाटायचा असतो हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात वार्षिक सभा झाली. मर्यादा चाळीसवरून अडतीसवर आणली, म्हणजे आणखी थोडे चांगले लोक बाहेर काढता येतील. सचिवपदावर माझीच फेरनिवड झाली, एकमतानं, कसलीही चर्चा न होता. मी आभाराचं भाषण केलं. खाली बसल्यावर अण्णा प्रेमानं म्हणाले, "तुमचं बरं हाय. तुम्ही कुठल्याबी बेरजेत बसता." तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही.

पण माझं राहू द्या. आपण हे वाचताना दोन-तीनदा हसलात, आनंद वाटला. आपणही एकाच कचेरीत, एकाच खुर्चीवर बरीच वर्षं टिकून असाल. मधे कितीतरी हुशार माणसं आली, सत्कार घेऊन गेली. आपल्याला मात्र आजवर कुणी नारळ दिला नाही. याचा आपल्याला अभिमान वाटत असेल, वाटायलाच हवा. आपली सरासरी तेवढी कळवा. उत्तरेश्वर गेल्यापासून आम्ही अशाच माणसाच्या शोधात आहोत.